माडग्याचा इतिहास

राज्यें कोणी मिळविलीं व कोणी गमाविलीं याच्या हकीकती आपल्या इतिहासग्रंथांत विपुल सांपडतात; परंतु ज्या माणसांच्या श्रमांवर तीं राज्यें उभीं होतीं, तीं माणसें सकाळीं उठून काय खाऊन कामास लागत, हें विचारणारे थोडे. ज्यास दिवसभर नांगर धरावयाचा किंवा जिला उन्हांत खुरपावयाचें, त्यांच्या दृष्टीनें पहिल्या घासाइतकी महत्त्वाची गोष्ट दुसरी क्वचितच असेल. आज आम्ही अशाच एका पहिल्या घासाची हकीकत वाचकांपुढें मांडणार आहों. तिचें स्थळ कळंब, आणि तिचा विषय हुलग्याचें माडगें.

कळंब हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, मांजरा नदीच्या खोऱ्यांत वसलेलें. जिल्ह्याचें नांव २०२३ पर्यंत उस्मानाबाद असें होतें, व १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. येथील सकाळची घाई आज कोणत्याहि शहरापेक्षां कमी नाहीं. मुलांची शाळा, थोरांची कचेरी, गाठावयाची एसटी आणि शेतावर मजुरीस जाणाऱ्या बायकांची ठरलेली वेळ, या सर्वांचा भार एकाच तासावर येऊन पडतो. आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या हिवाळ्यांत आम्हीं दोन वाट्या शेजारीं शेजारीं ठेवलेल्या पाहिल्या. एकींत सुनेनें दुकानांतील डब्याचे ओट दुधांत शिजवून मुलासाठीं काढले होते. दुसरींत सासूनें स्वतःपुरतें केलेलें माडगें होतें. दोन्ही पदार्थ एकाच शेगडीवर आठदहा मिनिटांत झाले. सून म्हणाली, "आत्याबाई, शाळेच्या घाईत हेच बरं पडतंय बघा, लवकर होतंय." त्यावर सासू हंसून म्हणाली, "माझंबी तेवढ्याच येळात झालं की! पण पूर्वी त्या दहा मिनिटांमागं माझी समदी पहाट जायची. ती कुणी मोजली न्हाई."

हें वाक्य ऐकल्यापासून आमच्या मनांतून गेलें नाहीं. जें अन्न झटपट होतें असें आपण म्हणतों, त्याचा चुलीवरचा वेळ तेवढा आपण मोजतों. बाकीचा वेळ कोणीतरी आधींच खर्च केलेला असतो. तो कोणी खर्च केला, आणि त्याचें त्यास काय मिळालें, हा प्रश्न मनांत धरून माडग्याचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे तो एका पदार्थापुरता राहत नाहीं.

ज्यांनीं माडगें खाल्लें नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम थोडें पाकशास्त्र सांगितलें पाहिजे. कोंकणांत ज्यास कुळीथ म्हणतात तेंच धान्य देशावर व मराठवाड्यांत हुलगा या नांवानें ओळखलें जातें. कानडींत त्यास हुरळी व तेलगूंत उलवलु म्हणतात. आमच्या हुलग्याचें नातें या शेजारच्या नांवांशीं जवळचें दिसतें. हे हुलगे निवडून, मंद आंचेवर खमंग भाजून, भरडून व टरफलें पाखडून त्यांचें पीठ करून ठेवतात. सकाळीं भांड्यांत आधण ठेवून त्यांत गूळ, चिमूटभर मीठ व थोडी सुंठ घालावी. तोंवर वाटींत दोनतीन मोठे चमचे पीठ थंड पाण्यांत गुठळी राहूं न देतां कालवावें. आधणास उकळी फुटली कीं तें बारीक धारेनें ओतावें आणि पळीनें सारखें ढवळीत राहावें. कच्चट वास जाऊन रंग गडद झाला व माडगें पळीस धरूं लागलें म्हणजे उतरावें, आणि वाढतांना वरून दूध घालावें. ज्यास गोड नको तो गुळाऐवजीं लसूण, जिरें व मिरची यांची फोडणी करतो. कोणी त्यांत थोडें ज्वारीचें पीठहि मिसळतात. त्यानें माडग्यास दाटपणा येतो व पोटास आधार होतो.

भाजलेल्या धान्याचें पीठ आगाऊ करून ठेवावें आणि वेळेवर तें कालवून वा शिजवून खावें, ही युक्ति फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत चाळणीनें सक्तु चाळण्याचा दृष्टांत आला आहे, व पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच त्या ऋचेचा विचार केला आहे. हा सक्तु म्हणजेच आपल्या घरोघरचें सातूचें पीठ. महाभारतांतील आश्वमेधिक पर्वांत युधिष्ठिराच्या यज्ञास कमी लेखणाऱ्या मुंगसाची कथा प्रसिद्ध आहे. शेतांत सांडलेले दाणे वेंचून राहणाऱ्या एका दरिद्री ब्राह्मणानें दुष्काळांत मिळविलेल्या यवांचें प्रस्थभर सक्तु घरांत केलें होतें. दारीं अतिथि आला तेव्हां ब्राह्मण, त्याची पत्नी, पुत्र व सून या चौघांनींहि आपापला वांटा त्यास दिला. कथेचें तात्पर्य दानाविषयीं आहे. पण गरिबाच्या घरीं साठविलेलें अन्न कोणत्या रूपांत असे, हेंहि त्यांतून सहज कळतें. बौद्धांच्या विनयांतील महावग्गांत भिक्षूंच्या सकाळच्या यागूचे, म्हणजे पेजेचे, दहा गुण सांगितले आहेत. वैद्यकग्रंथांत मंड, पेया, विलेपी व यवागू असे पेजेचे भेद केले आहेत. आणि चरकसंहितेंत कुलत्थ हा उष्ण असून कफ, वात, श्वास व कास या विकारांवर हितकर असल्याचें म्हटलें आहे. आमच्याकडे सर्दी-पडशानें बेजार झालेल्या माणसास अद्यापि ऊन ऊन माडगें पाजतात, त्याचा धागा थेट या ग्रंथांशीं जाऊन भिडतो.

हुलग्याचें वय तर ग्रंथांहूनहि मोठें आहे. कर्नाटक व आंध्र या प्रदेशांतील नवाश्मयुगीन वस्त्यांत इ. स. पूर्व तिसऱ्या व दुसऱ्या सहस्रकांतील जळालेले हुलग्याचे दाणे मिळाले आहेत, आणि हें कडधान्य दक्षिण भारतांतच माणसाळविलें गेलें असें अभ्यासकांचें मत आहे. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें १९६८ पासून डेक्कन कॉलेजानें केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचें गांव उजेडांत आलें. त्यांच्या धान्यांत यव प्रमुख असून त्याबरोबर कुळीथहि होता. ज्वारी या पठाराची माउली खरी, पण हुलग्याची वस्ती तिच्याहून जुनी दिसते.

कळंबच्या दक्षिणेस तेरणा नदीकांठचें तेर हें गांव गोरा कुंभारामुळें महाराष्ट्रास परिचित आहे. हेंच प्राचीन तगर. इ. स. च्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयनग्रंथांत तगराचें नांव पैठणाबरोबर आलें असून तेथील माल गाड्यांनीं भडोचच्या बंदरास जात असे असें वर्णन आहे. वाटेचा प्रवास बहुत दिवसांचा. त्या गाडीवानांच्या शिदोरींत काय होतें तें ग्रंथकारानें लिहिलें नाहीं. परंतु ज्यास मुक्कामीं तीन दगड मांडून चटकन शिजवावयाचें, तो भाजलेलें पीठ जवळ बाळगील, हें तर्कास सोडून नाहीं.

मग एवढ्या जुन्या व गुणी धान्याची प्रतिष्ठा कां वाढली नाहीं? पहिलें कारण जमीन. कळंब तालुक्यांत नदीकडेची काळी कसदार जमीन ज्वारीस, गव्हास व हरभऱ्यास जाई. माळाची हलकी, मुरमाड जमीन हुलग्यास मिळे. हें पीक थोड्या ओलीवर तग धरतें, खत मागत नाहीं, मुळांवरील गांठींच्या योगें जमिनीस नत्र देतें, आणि त्याचें भुसकट जनावरांस होतें. पाऊस दगा देई त्या सालीं इतर पिकें गेलीं तरी हुलगे हातीं लागत. पण जें संकटांत उपयोगी पडतें त्यास सुखाच्या दिवसांत पाटावर बसविण्याची आपली रीत नव्हे. हुलगा हें गरिबाचें धान्य ठरलें तें असें.

दुसरें कारण घोडा. इंग्रजांनीं या धान्यास नांवच 'हॉर्स ग्राम', म्हणजे घोड्याचा चणा, असें दिलें. मद्रासेकडील लष्करी तबेल्यांत तें शिजवून घोड्यांस चारीत. घोड्याची चंदी व माणसाचें अन्न एकाच कणगींतून निघण्याची परिस्थिति आमच्या इतिहासांत पुष्कळ वेळां आली आहे. चिपळूणकडील छावणींतील अधिकाऱ्यांस शिवाजीमहाराजांच्या वेळीं गेलेलें आज्ञापत्र प्रसिद्धच आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व वैरण बेतानें पुरवावी, ती उधळून मग कुणब्याच्या घरांतील दाणा व भाकर ओढून आणूं नये, असा त्याचा रोंख आहे. घोड्याचें पोट रिकामें राहिलें तर त्याची झळ शेवटीं कुणब्याच्या चुलीस लागते, हें त्या पत्राच्या कर्त्यास पक्कें ठाऊक होतें.

गंमत अशी कीं, ज्या ओटांस आज कळंबच्या दुकानांत मानाची जागा मिळाली आहे त्यांचीहि कुळकथा हीच आहे. ओट हें मूळचें गव्हा-यवांच्या शेतांतील तण. पुढें युरोपांतील थंड व ओलसर प्रदेशांत तें स्वतंत्र पीक झालें. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत त्याची पेज हेंच सामान्य जनांचें अन्न होतें. डॉक्टर जॉन्सन यानें १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशांत या धान्याची व्याख्या करतांना, इंग्लंडांत जें घोड्यांपुढें टाकतात त्यावर स्कॉच लोक जगतात, अशा आशयाचा टोमणा मारला आहे. म्हणजे हुलगा व ओट हे दोघेहि तबेल्यांतून आलेले, दोघेहि गरिबांनीं पोसलेले. एकाचें नशीब उघडलें व दुसऱ्याचें उघडलें नाहीं, तें कशानें? याचें उत्तर आम्हांस १८७७ या एका सालांत सांपडतें.

त्या सालीं दख्खनवर दुष्काळ होता. १८७६ चा पाऊस गेल्यामुळें मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि निजामाचें राज्य यांतील फार मोठा प्रदेश होरपळून निघाला. हिंदुस्थान सरकारनें पाहणीसाठीं पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी कमी करून दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. एवढें जीव धरून राहण्यास पुरेल असा त्यांचा हिशोब होता. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं त्यास कडाडून विरोध केला. खडी फोडणाऱ्या माणसाचें भागण्यास नुसतें धान्य पुरत नाहीं, मांस घडविणारा नत्रयुक्त अंश पाहिजे, व तो डाळी-कडधान्यांतूनच मिळतो, असें त्यांचें म्हणणें होतें. इकडे मुंबई इलाख्यांत मजुरांनीं या मजुरीवर काम करण्याचें नाकारलें आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. पुढें मद्रासेंत सरकारास ती मजुरी वाढवावी लागली. ज्यास आज आपण प्रथिन म्हणतों त्यावरून आपल्या देशांत झालेला हा पहिल्या मोठ्या वादांपैकीं एक. त्याचा निकाल पुस्तकांत लागण्यापूर्वींच असंख्य माणसें मेलीं.

त्याच १८७७ सालीं अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत 'क्वेकर' या नांवाची ओटाच्या अन्नासाठीं व्यापारी खूण म्हणून नोंद झाली. ओटाचे दाणे सोलून वाफेवर मऊ करावयाचे व लाटांखालीं चेपून त्यांचे पोहे करावयाचे, ही यंत्रक्रिया त्याच सुमारास तिकडे रुळली. १९२२ सालीं दाणे आधीं कापून अधिक पातळ चेपलेले, कांहीं मिनिटांत शिजणारे ओट बाजारांत आले. स्कॉच गृहिणीस रात्रीं भिजवून सकाळीं बराच वेळ ढवळावी लागणारी पेज अशा रीतीनें शाळेच्या घंटेपूर्वीं होऊं लागली. गृहिणीचा वेळ कारखान्यानें आपल्या अंगावर घेतला, त्याचें मोल डब्याच्या किंमतींत मिळविलें, व डब्यावर चित्र छापून गरिबाच्या पेजेस प्रतिष्ठा आणिली. ओटाचें नशीब उघडलें तें असें. ज्या सालीं आमच्याकडे माणसास किती प्रथिन कमी देऊन चालेल हें ठरविण्यांत हुशार माणसें गुंतलीं होतीं, त्या सालीं तिकडे पेजेचा व्यापार उभा राहत होता, हा योगायोग आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आमच्याकडे माडग्यामागचा वेळ कोणी आपल्या अंगावर घेतला? जात्यानें, म्हणजे जात्याशीं बसलेल्या बाईनें. कोंबडा आरवण्यापूर्वीं उठून घरच्या माणसांपुरती ज्वारी दळावयाची, सवड झाल्यास हुलगे भरडावयाचे, मग पाणी, शेण, चूल, आणि उजाडल्यावर इतरांबरोबर शेताची वाट धरावयाची, असा तिचा क्रम होता. ही पहाट किती मोठी होती याचा पुरावा कोणत्याहि दप्तरांत नाहीं; पण तो दुसऱ्या एका ठिकाणीं आहे. हेमा राइरकर व गी पॉइतवाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ज्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. एवढ्या ओव्या रचण्यास व पाठ होण्यास किती पहाटा लागल्या असतील याचा अंदाज वाचकांनीं करावा. लोक त्या ओव्यांची गोडी वाखाणतात व ती खरीहि आहे; परंतु ज्या हातांनीं खुंटा धरला होता त्यांच्या घट्ट्यांचाहि इतिहासांत समावेश झाला पाहिजे. जुन्या न्याहारीची थोरवी गातांना जो हें विसरतो, तो अर्धीच गोष्ट सांगतो.

म्हणूनच गांवांत पिठाची चक्की आली तेव्हां बायकांना जो आनंद झाला असेल त्यास आम्ही नांवें ठेवणार नाहीं. चक्कीनें पहाट मोकळी केली. परंतु झालें असें कीं, माडगें सोपें होण्याचा दिवस उगवला त्याच सुमारास माडगें मागें पडूं लागलें. चहा घरोघर शिरला होता व त्याच्यामागून पाव-बिस्किटें आलीं. ज्याच्या हातीं चार पैसे आले त्यास पहिल्यानें हुलगेच सोडावेसे वाटले, कारण हुलगे म्हणजे गरिबीची आठवण. या भावनेस हंसणें सोपें आहे. पण ज्यानें ती गरिबी भोगली त्याचा तो हक्कच होता.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यांत ज्यांनीं तो पाहिला त्यांच्या बोलण्यांत दोन शब्द हटकून येतात : मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे परदेशांतून आलेली लाल ज्वारी, जी रेशनवर मिळे व जिची भाकरी कोणासहि आवडली नाहीं. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर व मुलांस वांटलेला पौष्टिक कोरडा खाऊ. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारें ५० लाखांवर गेली होती. १८७७ च्या मानानें या वेळीं सरकारचें धोरण पुष्कळच माणुसकीचें होतें, आणि त्याच अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा निघाला. सुकडी वांटण्यामागची कल्पनाहि योग्यच होती : कष्टकऱ्यास पोट भरण्यापलीकडे प्रथिन पाहिजे. कॉर्निशचें म्हणणें जवळजवळ शंभर वर्षांनीं मान्य झालें. मात्र जें धान्य या पठारावर अवर्षणांत उभें राहतें व ज्याची भाजून केलेली पिठी हीच एक प्रकारची सुकडी होती, त्या हुलग्याची आठवण दुष्काळ संपल्यावरहि कोणास झाली नाहीं.

आतां कळंबच्या शिवारांत पावसाळ्यांत दृष्टि टाकावी तिकडे सोयाबीन दिसतें, व पाणी असेल तेथें ऊंस. सोयाबीनांत शेंकडा ३५ हून अधिक प्रथिन असतें. येथील कोणत्याहि जुन्या कडधान्यांत तितकें नाहीं. परंतु तें शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरांत फारसें जात नाहीं. तें लातूरच्या बाजारांतून तेलाच्या गिरणींत जातें, आणि प्रथिनानें भरलेली पेंड प्रामुख्यानें कोंबड्यांच्या खाद्यांत जाते. पूर्वीं घोडा वांटेकरी होता, आतां कोंबडी झाली, एवढाच फरक. शेतकऱ्यानें नगदी पीक घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. मुलांच्या शाळेचे पैसे हुलग्यांतून निघत नाहींत हें उघड आहे. पण ज्या तालुक्यांतून एवढें प्रथिन गाड्या भरभरून बाहेर जातें, त्या तालुक्यांतील मूल शाळेंत चहा-बिस्किटावर बसतें, ही गोष्ट चांगली नाहीं.

येथें आंकडे पाहिलेले बरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम हुलग्यांत सुमारें २२ ग्रॅम प्रथिन असतें. ज्वारींत तें सुमारें १० ग्रॅम आहे. ओटांत साधारणतः १३ ग्रॅम धरतात. ३० ग्रॅम हुलग्याचें व १० ग्रॅम ज्वारीचें पीठ घेऊन माडगें केलें व त्यांत पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, दूध घातलें, तर सुमारें १४ ग्रॅम प्रथिन एका वाटींत मिळतें. तेवढ्याच दुधांत ४० ग्रॅम ओट शिजविले तर तें १२ ग्रॅमच्या आंतबाहेर राहतें. फरक आहे, पण फार नाहीं. आणि ओटांतील विशिष्ट तंतुद्रव्य रक्तांतील मेद कमी करण्यास उपयोगी पडतें हेंहि मान्य केलें पाहिजे. शिवाय हुलग्याचें प्रथिन एकटें अपुरें असून कच्च्या दाण्यांत पचनास अडथळा करणारीं द्रव्यें असतात. भाजल्यानें व शिजविल्यानें तीं पुष्कळशीं निघून जातात, आणि ज्वारी वा दूध यांची जोड मिळाली म्हणजे एकाची उणीव दुसरें भरून काढतें. आमच्या बायकांनीं हीं कोष्टकें पाहिलीं नव्हतीं. पण भाजावें, टरफल काढावें, ज्वारी मिसळावी, दूध घालावें, हे चारहि नियम त्यांच्या हातीं होते.

तेव्हां ओटांचा डबा फेंकून द्यावा असा उपदेश करण्यासाठीं आम्ही लेखणी उचललेली नाहीं. सुनेची घाई खरी आहे, आणि ज्यानें तिची सकाळ हलकी होते त्यास दोष देणें हें ज्यांस स्वतः चुलीपुढें उभें राहावें लागत नाहीं त्यांचेंच काम. आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्कॉटलंडच्या पेजेस कारखान्यानें जें दिलें तें कळंबच्या माडग्यास देणें आज अवघड राहिलेलें नाहीं. हुलगे भाजण्याचें, सोलण्याचें व दळण्याचें काम यंत्रावर होऊं शकतें; गांवांतील चार बायका एकत्र येऊन तें पीठ करून विकूं शकतात. त्यांत एक गोष्ट मात्र नवी असेल. जी पहाट पूर्वीं फुकट जाई, तिचे पैसे होतील. सासूबाईंनीं जी गोष्ट कोणी मोजली नाहीं म्हणून सांगितलें, ती प्रथमच मोजली जाईल. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें व त्यामुळें ज्वारी-बाजरीस थोडे चांगले दिवस आले. हुलगा कडधान्य असल्यामुळें त्या मानपानांतून वगळला गेला. त्याच्या वांट्याचा मान त्यास अद्याप मिळावयाचा आहे.

आम्ही निरोप घेऊन निघालों तेव्हां सून डब्यांतील पिठाचा अंदाज घेत होती. किलोभर हुलगे भाजून सोलून दळले तर किती दिवस जातील, असें तिनें सासूस विचारलें. सासूनें बोटांवर हिशोब करून, एका पोरास जवळजवळ महिनाभर, असें सांगितलें. आणि भाजण्याचें काम आपण बसल्या बसल्या करूं, दळण तेवढें येतां-जातां चक्कीवर टाक, असें सुचविलें. दुसऱ्या दिवशीं मुलाच्या वाटींत काय होतें तें पाहण्यास आम्ही तेथें नव्हतों. पण ती सकाळची वांटणी दोघींत नीट बसली असावी असें आम्हांस वाटतें.